मेजरांचा शब्द

माझ्या भावाला सगळं गाव ‘दादा’ म्हणायला लागलं, तेव्हा मला राजकारणाचा पहिल्यांदा राग आला. दादा हा माझा शब्द होता. घरात त्याला दादा म्हणणारी मी एकटीच, आणि आई-बाबा गेल्यावर तर जगात एकटीच. सैन्यात त्याला सगळे मेजर म्हणायचे, ते ठीक होतं. पण तो आमदार झाला आणि त्याच्या बापाच्या वयाची माणसं ऑफिसात येऊन हात जोडायला लागली. “दादा, आमच्याकडे जरा बघा.” मी एकदा एका म्हाताऱ्यांना म्हटलं, “अहो आजोबा, तुमचा मुलगा शोभेल तो, दादा कसला?” तर दादानेच माझ्यावर डोळे वटारले.

मी बँकेत होते. नोकरी सोडून त्याचं ऑफिस सांभाळायला बसले, कारण त्याने आधी ठेवलेला चिटणीस आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणायच्या आधी ‘कुणाच्या ओळखीने आलात?’ असं विचारायचा. दादाने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि मला फोन केला. “तुला येता येईल का? मला ओरडता येतं, पण लोकांना हुसकावून लावता येत नाही. तुला दोन्ही येतं.” याला तो कौतुक समजत होता.

सैन्यात तो सुरुंग काढणाऱ्या तुकडीवर होता. शत्रूने रस्त्यात, शेतात, विहिरीच्या काठावर पुरून ठेवलेलं मरण हाताने उकरून बाहेर काढायचं, हे त्याचं काम. त्याच्या तुकडीत एक हवालदार होता, ताडमाड उंच; सगळे त्याला उंट म्हणायचे. तो आमच्याच गावचा. सीमेवरच्या एका रस्त्यावर उंटाच्या हाताखाली सुरुंग फुटला. उंट गेला. दादा मागे होता म्हणून वाचला, पण त्याचा डावा कान कायमचा बंद झाला. शवपेटी घेऊन दादाच गावात आला. उंटाच्या बायकोसमोर तो उभा राहिला आणि त्याला एक शब्द बोलता आला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नंतर त्याने सैन्य सोडलं आणि गावातच राहिला. वहिनी, म्हणजे उंटाची बायको, दोन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत राहायची. दादा तिच्या मुलींच्या शाळेत पालक म्हणून जायचा.

पक्षाची माणसं तिकीट द्यायला आली ती असल्याच कुठल्यातरी शाळेच्या कार्यक्रमानंतर. दादाने अट घातली : प्रचारात गणवेश वापरायचा नाही. “ज्यांचे गणवेश पेटीत घालून घरी पाठवले, त्यांच्या जिवावर मी मतं मागणार नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तर अख्खं गाव पोस्टरांनी झाकलेलं. छातीवर पदकं, डोक्यावर टोपी, मागे रणगाडा. दादा आयुष्यात रणगाड्यात बसलेला नव्हता. त्याने पक्षाच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणतो, “मेजरसाहेब, तुम्ही अट घातलीत तेव्हा छापून झाली होती हो! आता काय रद्दीत घालू?” दादा स्वतः शिडी घेऊन पोस्टर काढायला निघाला. चौकातली माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं तो लावतोय.

निवडून आल्यावर मात्र त्याने काम केलं. काम म्हणजे भाषण नव्हे. सरकारी दवाखान्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आलेलं एक यंत्र वर्षानुवर्षं खोक्यात पडून होतं. जोडणारा माणूस येत नाही, असं सांगायचे. दादा गेला आणि त्या खोक्यावर बसला. “उघडल्याशिवाय उठणार नाही.” मोठे डॉक्टर आले, चहा आला, खुर्ची आली. हा खोक्यावरच. संध्याकाळच्या आत जोडणारा माणूस आला. इतके दिवस तो याच गावात, त्याच रस्त्यावर राहत होता! विधानसभेत तो इतकं थोडक्यात बोलायचा की पत्रकारांनी त्याचं नाव ‘तार’ ठेवलं होतं. ‘तार आली’ म्हणायचे आणि हसायचे. पण पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला पहिल्यापेक्षा जास्त मतांनी निवडून दिलं. आणि मग चांदमारीचं प्रकरण आलं.

गावाबाहेर मोठं मोकळं माळरान आहे. पूर्वी तिथे सैन्याची पलटण गोळीबाराचा सराव करायची, म्हणून चांदमारी. पलटण गेली, जमीन सरकारकडे आली, गवत वाढलं. सरकारने ठरवलं की तिथे वसाहत बांधायची : गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना घरं आणि बेघरांना घरं. वहिनीचं नावही यादीत आलं. त्या दिवशी ती पेढ्यासारखा चेहरा करून ऑफिसात आली होती. माझ्या गळ्यातच पडली.

दादा मात्र ती गेल्यावर म्हणाला, “मी तरुणपणी तिथेच उखळी तोफा चालवायला शिकलो. डागलेला प्रत्येक गोळा फुटत नाही. काही फुसके निघतात आणि जमिनीत घुसतात. फुसके म्हणजे मेलेले नव्हेत. झोपलेले. खोल झोपलेले. जमीन यंत्राने तपासल्याशिवाय तिथे कुदळ मारायची नाही.”

“मग तपासतील की.”

“विचारतो.”

घरांचं खातं ज्या मंत्र्याकडे होतं, तो आमच्याच पक्षाचा. बोलायला असा गोड की मुंगळे लागावेत. दादा त्याला भेटायला गेला तेव्हा मी बरोबर होते. मंत्र्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग दादाच्या कानाची, मग म्हणाला, “झालंय हो सगळं. कंत्राटदाराने रोलर फिरवून घेतलाय. जमीन कशी आरशासारखी झालीय.”

“रोलरने वरचं गवत दबतं. गोळे कुठे वीतभर, कुठे माणूसभर खाली असतात. सैन्याची तुकडी बोलवा. तपासायला वर्ष लागेल, कदाचित थोडं जास्त.”

“वर्ष?” मंत्री हसला. “मेजर, निवडणूक काही महिन्यांवर आलीय. लोकांना काय, तपासणी राहायला देऊ?”

“लोकांना जिवंत ठेवू.”

“तुमच्यासारखा शूर माणूस, सुरुंगांशी खेळलेला, आणि फुसक्या गोळ्यांना भितो?”

दादा शांतपणे म्हणाला, “सुरुंगांशी जे खेळतात, ते मरतात. आम्ही घाबरून काम करायचो, म्हणून काहीजण परत आलो.”

मंत्र्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “ठीक आहे. सैन्याला कळवतो. आता हसा बघू जरा.”

कळवतो म्हणाला, म्हणून दादा भूमिपूजनाला गेला. नाहीतर गेलाच नसता. मैदानात मांडव, खुर्च्या, स्पीकरवर गाणी. आणि स्टेजच्या मागे घराएवढा फलक : दादाचा गणवेशातला तोच फोटो, रणगाड्यासकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ही जमीन सुरक्षित आहे. हा मेजरांचा शब्द!’

दादाने तो फलक वाचला, पुन्हा वाचला. तोवर मंत्री माईकवर होता. “काही विघ्नसंतोषी लोक अफवा पसरवतात. पण आपले मेजर स्वतः ही जमीन पायाखालून घालून आलेत! सुरुंग काढणारा माणूस सांगतोय, अजून कुणाचा दाखला पाहिजे?”

दादा उठला, मंत्र्याच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, “मी असा कोणताही शब्द दिलेला नाही. ही जमीन कुणीही तपासलेली नाही. तपासेपर्यंत इथे कुणीही—”

माईक त्याच्या हातात येताच बंद झाला होता. गाणं सुरू झालं. दादाचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होता ढोलकीचा ठेका. मंत्री त्याच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता, जणू काही दादा त्याचंच कौतुक करतोय. खाली लोकांनीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्यांनी मात्र ऐकलं होतं. त्यांत वहिनी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात आली. मी ‘बस’ म्हटलं, ती बसली नाही. दादासमोर उभी राहिली.

“साहेब, माझं घर का अडवता?”

“वहिनी, तिथे खाली गोळे आहेत.”

“सरकार म्हणतं नाहीत.”

“सरकार खोटं बोलतंय.”

“तुम्हीच तर सरकार! त्यांच्याच बाकावर बसता ना? माझ्या नवऱ्याला सुरुंगावर नेलंत, तेव्हा कुठे गेली होती ही काळजी? तेव्हा नाही म्हणालात ‘थांब उंटा, तपासू दे’? आता माझ्या मुलींना छप्पर मिळतंय तर तुम्हाला जमिनीखालचं दिसायला लागलं!”

मी मध्ये पडणार होते. दादाने हाताने थांबवलं. ती गेल्यावर मी म्हटलं, “अरे, तिला सांगायचंस तरी, त्या दिवशी पुढे जायचा हट्ट उंटानेच धरला होता!”

“ते तिला कधीच सांगायचं नाही,” तो म्हणाला. “मला शिव्या देऊन तिला बरं वाटत असेल तर देऊ दे.”

मग अधिवेशन सुरू झालं. दादाने लक्षवेधी मांडायची परवानगी मागितली, ती नाकारली. शेवटी दुसऱ्या एका चर्चेत तो उभा राहिला. मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत होते. त्याने नेहमीप्रमाणे तार केली : जमीन कोणती, तिथे कसला सराव व्हायचा, गोळे किती खोल जातात, तपासणी कशी करतात, काम आजच्या आज का थांबवायला हवं. आणि शेवटी, “माझ्या नावाने जो शब्द दिला गेला, तो खोटा आहे.”

मग मंत्री उत्तराला उठला. मला वाटलं होतं चिडेल, आकडे फेकेल. त्याने आवाजात लोणी घातलं.

“अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. देशासाठी त्यांनी आपला कान दिला. पण स्फोटाचा आघात फक्त कानावर होत नाही, महोदय. तो मनावरही होतो. बिचाऱ्यांना जिथे तिथे सुरुंग दिसतात. यात त्यांचा दोष नाही. आपण सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं पाहिजे. त्यांना विश्रांतीची गरज आहे.”

आणि बाकं वाजली. आधी आमच्या पक्षाची, मग विरोधकांचीही. घरं त्यांनाही पाहिजेच होती. अख्खं सभागृह दयेने बाकं वाजवत होतं. शिवी दिली असती तर दादाने पेलली असती. ही दया त्याला पेलवेना. तो उभाच होता, एकदा इकडे वळायचा, एकदा तिकडे, कारण डाव्या बाजूने कोण काय बोलतंय ते त्याला कळतच नव्हतं. आणि तेच बघून काहीजण एकमेकांना खुणा करत होते : बघा, बघा.

माझा तोल गेला. मी गॅलरीतून ओरडले, “वेडा तो नाही, बेशरम तुम्ही आहात!” दोन महिला रक्षकांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी जाताना ऐकलं, अध्यक्ष सांगत होते की सदस्यांचं वक्तव्य कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे. नंतर कळलं, दादाने दिलेला इशारा तेवढा काढून टाकला, मंत्र्याची सहानुभूती तशीच ठेवली. माझ्या भावाचं शहाणपण पुसलं गेलं आणि त्याचं वेड सरकारी कागदावर कायम झालं!

गावात आलो तर आमच्याआधी बातमी पोचलेली. दुकानदार माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला, आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलतात तसा. “मेजरांना झोप लागते ना?” मी म्हटलं, “त्यांना लागते. तुमच्या मंत्र्याला कशी लागते ते विचारा.” ऑफिसातली गर्दी रोडावली. जी माणसं त्याने खोक्यावर बसून मिळवून दिलेल्या यंत्रावर आठवड्यातून दोनदा जगत होती, त्यांतलीही काही समोरच्या फुटपाथवरून जायला लागली.

खोदाई सुरू झाली त्या सकाळी दादा मैदानात गेला आणि मशीनसमोर उभा राहिला. मशीन चालवणारा जाड मिशांचा गडी होता. त्याने आधी भोंगा वाजवला, मग खाली उतरून विनवलं, मग आई-बहिणीवरून अशी सणसणीत शिवी हासडली की पोलीससुद्धा खाली बघायला लागले. शेवटी पोलिसांनी दादाला अलगद उचलून बाजूला नेलं. अलगद, कारण वरून तशी सूचना होती : ‘साहेबांची तब्येत बरी नाही.’ गाडीत बसवून घरी आणून सोडलं, वर मला सांगतात, “ताई, लक्ष ठेवत जा.” मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ, ऊन चढलेलं. मी टेबलाशी, दादा खिडकीशी. धाडकन आवाज झाला. काचा थरथरल्या, कपाटावरची फाइल खाली पडली. कपबशी वाजायची थांबली नव्हती, तोवर दादा दाराबाहेर. “उखळीचा गोळा,” एवढंच म्हणाला. मी मागून धावले.

मैदानात धूळ आणि किंकाळ्या. मशीन एका अंगावर कललेलं. मजूर सैरावैरा पळत होते, काही झाडांकडे, काही रस्त्याकडे. दादा फाटकातच थांबला आणि असा ओरडला, की तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. “थांबा! जिथे असाल तिथे उभे राहा! आता मशीनच्या चाकांच्या खुणा शोधा. खुणांवरूनच बाहेर या. गवतात पाय टाकायचा नाही. एकामागून एक!” सगळे थिजले. मग एकेक माणूस त्या खुणांवरून, दोरीवरून चालल्यासारखा, बाहेर येऊ लागला. कुणी गवतात शिरला की दादा त्याला हाक मारून परत खुणेवर आणायचा. सगळे बाहेर आल्यावर तो त्याच खुणांवरून आत गेला. मी ‘दादा’ म्हणून हाक मारली, त्याने वळूनही पाहिलं नाही. मशीनवाला खाली पडला होता. त्याच्या गुडघ्याखाली पाय उरला नव्हता. दादाने कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळला, त्याला पाठीवर घेतलं आणि आला तसाच परत आला. खड्ड्यात उतरलेला एक मजूर मात्र जागेवरच गेला होता. त्याची बायको रस्त्याकडेला विटा वाहत होती. तिला आत जाऊ द्यायचं नव्हतं. मी तिला धरून ठेवलं. तिने माझ्या हाताला चावा घेतला, तरी मी सोडलं नाही.

मशीनवाल्याला शुद्ध आली तेव्हा दादा त्याच्या खाटेशी होता. तो गडी रडायला लागला. “साहेब, मी तुम्हाला त्या दिवशी घाणेरडी शिवी दिली हो.”

“कुठल्या बाजूला उभा होतास?”

“डावीकडे.”

“मग मला कुठली ऐकू आलीय! तो कान बंद आहे माझा.”

तो हसला, त्या अवस्थेतही. दादाला ती शिवी अक्षरन् अक्षर ऐकू आली होती. उजव्या कानाने.

मंत्रीही दवाखान्यात आला. फुलांचा गुच्छ आणि मागे कॅमेरे. त्याने मशीनवाल्याचा हात हातात घेतला, कॅमेऱ्याचं काम होईपर्यंतच. पण खरा कळस झाला विधानसभेत. मेलेल्या मजुराला श्रद्धांजली वाहिली आणि मंत्री म्हणाला, “या दुर्दैवी घटनेची कुणालाही पूर्वकल्पना नव्हती.”

दादा उभा राहिला. “मला होती. आणि तुम्हालाही होती, कारण मी इथेच, याच जागेवरून सांगितलं होतं.”

“सन्माननीय सदस्य, खाली बसा,” अध्यक्ष म्हणाले. “कामकाजात तशी कुठलीही नोंद नाही.”

“नोंद तुम्हीच पुसलीत.”

“हा सभागृहाचा अवमान आहे. खाली बसा.”

“एक माणूस मेला, तो कुणाचा अवमान? माझे शब्द परत कामकाजात घ्या, मग बसतो. तोवर मी उभा आहे.”

तो उभा राहिला. आरडाओरडा झाला, घोषणा झाल्या, कुणीतरी कागद फेकले. तो उभाच. अध्यक्षांनी त्याला निलंबित केलं आणि रक्षकांना बोलावलं. रक्षक जवळ आले तेव्हा दादा म्हणाला, “हात लावू नका, मी चालतो.” आणि ताठ मानेने बाहेर आला. माणसं मारणारे आत बसले, इशारा देणारा बाहेर. मला गॅलरीत यायची बंदी होती, म्हणून मी फाटकाबाहेर उभी होते; आतलं सगळं नंतर कळलं. मला म्हणाला, “भूक लागलीय गं.” मी तिथेच रस्त्यात रडले. रागाने, दुःखाने नाही.

त्या आठवड्यात वहिनी आली. या वेळी बसली. पाणी प्यायली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “पोरींनी त्या जागेवर दोरी लावून खोल्या आखल्या होत्या. ही तुझी, ही माझी. दर रविवारी जायच्या.” मग एकदम मान वर करून म्हणाली, “साहेब, मी तुम्हाला जे बोलले, ते सगळ्यांसमोर बोलले. आता सगळ्यांसमोरच दुसरं बोलणार.”

आणि बोलली. पक्षाने दादाचं तिकीट कापलं आणि कंत्राटदाराच्या मेहुण्याला दिलं. हो, त्याच कंत्राटदाराच्या, ज्याने रोलर फिरवला होता! दादा अपक्ष उभा राहिला. पैसा नव्हता, माणसं नव्हती. वहिनी चौकाचौकात स्टुलावर उभी राहून सांगायची, हा माणूस माझ्याच मुलींच्या जिवासाठी आडवा आला होता. मशीनवाला कुबड्या घेऊन यायचा. लोक ऐकायचे, माना हलवायचे. पण दुसरीकडून रोज रिक्षा फिरायची : मेजरमुळे तुमची घरं अडली, मेजरच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन्ही एकाच दमात.

दादा पडला.

दरम्यान सैन्याची तुकडी आली होती. चांदमारीला तारेचं कुंपण पडलं आणि महिनोन्महिने तिथून गोळे निघत राहिले. जिथे वहिनीच्या पोरींनी खोल्या आखल्या होत्या, तिथेही निघाला. मंत्र्याने हेल्मेट घालून कुंपणाशी फोटो काढून घेतला आणि वर्तमानपत्रांना सांगितलं, “सुरक्षेशी तडजोड नाही, ही आमची पहिल्यापासूनची भूमिका आहे.” चौकशी बसली. दादाची साक्ष झाली. सरकारी वकिलाने पहिला प्रश्न विचारला की मानसोपचार कधी घेतले होते का. दादा म्हणाला, “हो. उंट गेला तेव्हा. घेतले म्हणून आज इथे सरळ उभा आहे. तुम्हीही गरज पडली तर घ्या.” कंत्राटदाराला अटक झाली आणि जामीनही झाला. मंत्र्याचं खातं काढून घेतलं. आता त्याच्याकडे शिक्षण खातं आहे. शिक्षण! मुलांना तो काय शिकवणार आहे, देव जाणे.

निवडणुकीच्या निकालानंतरच्या सोमवारी मी ऑफिस आवरायला गेले. म्हटलं, फर्निचर विकू, किल्ली घरमालकाला देऊ. दारात माणसं उभी. एकाच्या आईला दवाखान्यात खाट मिळत नव्हती, एका गल्लीत पाणी येत नव्हतं. मी त्यांना असं झापलं म्हणता! “ज्याला मत दिलंत त्याच्याकडे जा ना! इथे कशाला आलात? इथला माणूस वेडा आहे, ठाऊक नाही का?” कुणीही जागचं हललं नाही. पाण्यासाठी आलेली बाई पुटपुटली, “तिकडे गेलो होतो ताई. तिकडे विचारतात, कुणाच्या ओळखीने आलात.”

मागून दादा आला. मी सामान बांधायला आणलेली सुतळी त्याने टेबलावरून बाजूला सारली. “त्यांना खुर्च्या दे,” म्हणाला.

“दादा, तू आता कुणी नाहीस.”

“माहीत आहे. खुर्च्या दे.”

मी दिल्या. आदळून दिल्या. त्याने पाणी खात्याला फोन लावला. “मी बोलतोय. नाही, आमदार नाही. माजी.” पलीकडून फोन आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. दादाने रिसीव्हरकडे बघितलं, आणि पुन्हा तोच नंबर फिरवायला लागला.